दुसऱ्याच्या शेतातलं काम
(जळगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'फलोत्पादनातील उत्कृष्ट सेवेचा गौरव'. पत्रिकेवर तो भारदस्त दिसतो. पण मला विचाराल तर या विषयात एक पेच आहे, आणि आज मी त्या पेचाबद्दलच बोलणार आहे. फळबागेचा पुरस्कार आपण नेमका कशाला देतो? चांगल्या बागेला देतो, की चांगल्या कामाला? या दोन्ही गोष्टी दरवेळी एकाच बांधावर सापडतात असं नाही.

पुरस्कारांचा दुष्काळ आपल्याकडे नाही. १ जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. तो कृषिदिन म्हणून साजरा होतो आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या डोक्यावर फेटे चढतात. राज्य शासनाचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न, वसंतराव नाईक कृषिभूषण, जिजामाता कृषिभूषण, शेतीनिष्ठ शेतकरी असे पुरस्कार आहेत आणि फळबागवाल्यांसाठी खास उद्यानपंडित आहे. इथे जळगावात जैन हिल्सवर बारामतीच्या डॉ. अप्पासाहेब पवारांच्या नावाने आधुनिक शेतीतंत्राचा पुरस्कार दिला जातो. त्यात काही गैर नाही. शेतकऱ्याला कौतुकाची सवय नसते. एखाद्याला व्यासपीठावर बोलावून शाल पांघरली तर त्याच्या पोराबाळांना चार दिवस बरं वाटतं, आणि हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

पण सरकारी पुरस्कारासाठी आधी अर्ज करावा लागतो. त्याला म्हणायचं प्रस्ताव. तो तालुक्याच्या कृषी कार्यालयात द्यायचा. सोबत सातबारा, आठ-अ, बागेचे फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणं. म्हणजे ज्याने कात्रणं जपून ठेवली, तो अर्धी लढाई आधीच जिंकला. माझ्या ओळखीचे जे खरे जाणते बागायतदार आहेत, त्यांतल्या निम्म्यांना स्वतःचा फोटो काढून घ्यायचीही लाज वाटते. आपला मान व्हावा म्हणून आपणच अर्ज करायचा, हे त्यांच्या घशाखाली उतरत नाही. बायकांचं तर विचारूच नका. बाग तिची असते, सातबारा त्याचा असतो.

परीक्षक म्हणून मीही बागा बघत हिंडलो आहे. रावेरकडच्या एका केळीबागेत आम्ही गेलो होतो. कमानीला केळीचे खांब बांधलेले, रस्त्याकडेच्या दगडांना ताजा चुना, पहिल्या ओळीतल्या घडांना पांढऱ्या पिशव्या चढवलेल्या. मालक तयारीचे होते. लागवड कधीची, रोप कुठलं, खर्च किती, घडाचं सरासरी वजन किती, सगळं त्यांना पाठ. मग समितीतल्या एकाने विचारलं, मे महिन्यात झाडाला पाणी किती देता? मालकांनी मागे वळून पाहिलं. व्हॉल्व्हपाशी सालदार उभा होता. तो पुढे आला. "वीस-बावीस लिटर लागतं साहेब, पण आकड्यावर काय जाता," असं म्हणत त्याने एका झाडाचं पान हातात धरलं. भर दुपारी केळीचं पान मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी मिटतं, तसं ते मिटलेलं होतं. "हे बारा वाजता मिटलं तर ठीक. संध्याकाळी पाचलाही असंच राहिलं, तर समजायचं मुळापाशी पाणी पोचलं नाही. तोट्या चोंदल्या." मग ओळीच्या टोकाला जाऊन त्याने नळीचं बूच काढलं. आधी पांढुरका गाळ आला, मग स्वच्छ पाणी. आपल्याकडच्या पाण्यात क्षार फार, नळ्या धुतल्या नाहीत तर ठिबक नुसतं शोभेचं राहतं. हे समितीतल्या पदवीधरांना माहीत होतंच, पण त्या बागेत ते रोज करणारा माणूस हा होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल ठरतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. आमच्या तपासणीच्या तक्त्यात क्षेत्र, उत्पादन, उत्पन्न, खर्च असे रकाने होते. त्याच्यासाठी रकाना नव्हता.

त्याच दिवशी मी सहज शेजारच्या बांधावर चढलो. पलीकडे विहीर कोरडी होती. तिचा मालक तिथेच बसला होता, त्याने तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, "त्यांचं बोअर खोल गेलं आहे." आता हे नीट समजून घ्यावं लागेल. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरच्या पट्ट्यात दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे. भूशास्त्रवाले त्याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर या डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांचं पाणी या थरात मुरायचं, आणि त्यावर आपल्या केळीच्या कित्येक पिढ्या पोसल्या. पुढे उपसा वाढला, पाणी खाली गेलं, आणि हा पट्टा अतिशोषित भूजलाच्या यादीत गेला. तापीचं पुराचं पाणी या थरात मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेची चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तिचा करार झाला. पाणी प्रत्यक्ष मुरेल तेव्हा मुरेल. पण ठिबकने झाडामागे पाणी वाचलं आणि त्या वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी केळी लावली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुरस्काराच्या कागदावर त्या बागेची पाण्याची बचत होती. शेजारच्या विहिरीचा तळ त्या कागदावर कुठेच नव्हता.

तेव्हापासून माझ्या मनात एक कसोटी बसली आहे. उत्पादन बघायचं तर त्या माणसाच्या शेतात उभं राहावं. सेवा बघायची तर दुसऱ्याच्या शेतात जाऊन उभं राहावं.

ही कसोटी ठिबकचे उद्योजक भवरलालजी जैन यांना लावून पाहू. 'मोठ्या भाऊं'बद्दल जळगावात बोलायचं म्हणजे सगळ्यांना सगळंच माहीत असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. जामनेर तालुक्यातलं वाकोद हे त्यांचं गाव, जन्म १९३७ चा. घरची ७,००० रुपयांची पुंजी घालून १९६३ मध्ये त्यांनी रॉकेलचा व्यापार सुरू केला. १९७८ मध्ये केळीच्या पावडरीचा एक बंद पडत आलेला कारखाना घेतला आणि त्यात पावडर न करता पपेन काढायला सुरुवात केली. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं पाचक द्रव्य, औषधांना आणि अन्नप्रक्रियेला लागतं. तो चीक काढणं हे मोठं नाजूक काम. पपई झाडावरच असताना, सकाळी ऊन चढायच्या आत, सालीवर पात्याने उभ्या हलक्या चिरा द्यायच्या. पांढरा चीक थेंबथेंब ठिबकतो, तो खाली धरलेल्या भांड्यात गोळा करायचा. चीर खोल गेली तर फळ नासतं, उथळ राहिली तर चीक येत नाही. तीन-चार दिवसांनी त्याच फळावर नव्या जागी चीर. एका कारखान्यापायी खान्देशातल्या किती शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी हे पातं धरायला शिकून घेतलं असेल! पुढे पीव्हीसी पाइप आले, ठिबक आलं, नव्वदच्या दशकात ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपं आली. पूर्वी कंद लावून केळी कापणीला यायला दीड वर्षाच्या आसपास लागायचं. नव्या रोपांनी तो काळ वर्षभरावर आणला आणि घड जवळपास दुपटीने भरू लागला. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.  

आता कुणीतरी मनात म्हणेल, की भाऊंनी हे सगळं विकलं. विकलेल्या मालाला सेवा कसं म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की बाजारात विकलं म्हणून काम हलकं होत नाही आणि फुकट दिलं म्हणून थोर होत नाही. शेतात नळी टाकून दुकानदार निघून गेला तर त्याने नळी विकली. नळी चोंदल्यावर त्याचा माणूस परत आला, शेतकऱ्याला ती धुवायला शिकवून गेला, तर त्यात सेवा आली. ठिबक इस्राएलमध्ये निघालं, १९६५ मध्ये हत्झेरिमच्या किबुत्झने त्याचा कारखाना काढला. पण ते खान्देशच्या क्षाराच्या पाण्यात चालावं म्हणून जे कष्ट लागले ते इथल्या रानातले. त्या कष्टांत कंपनीचे कृषितज्ज्ञ जितके, तितकाच तो व्हॉल्व्हपाशी उभा असलेला सालदार. भाऊंना मान द्या, जरूर द्या. सालदाराला विसरू नका, एवढंच.

द्राक्षांच्या बाबतीत तर ही कसोटी अगदी स्वच्छ दिसते. तासगावजवळच्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या वेलींतून एक वेगळी वेल हेरली. तिची 'तास-ए-गणेश' झाली आणि राज्यभरच्या मांडवांवर चढली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची 'सोनाका' तशीच. या माणसांचं काम बघायला त्यांच्या बागेत जावंच लागत नाही. काडी दुसऱ्याला दिली तेव्हाच ते काम झालं. चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे फळबागवाले नव्हते, पण त्यांचं नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही. थोड्याशा जमिनीवर त्यांनी निवड करत करत एचएमटी हा भात काढला. त्या काळात लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं नाव त्याला दिलं. तो लाखो एकरांवर गेला. कृषिभूषण म्हणून मिळालेलं सुवर्णपदक अडचणीत मोडायला काढलं तेव्हा सोनं कसाला उतरलं नाही, ही बातमी सर्वत्र छापून आली होती. २०१८ मध्ये ते गेले.

मान कुणाला द्यायचा याबरोबर किती जणांना द्यायचा, हाही प्रश्न आहेच. इंग्लंडात रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून एक पदक काढलं, बागकामातल्या थोरांसाठी. पहिली ६० पदकं दिली, त्यांत बायका दोनच, गर्ट्रूड जेकिल आणि एलेन विल्मॉट. पुढे राणीच्या कारकिर्दीची ६३ वर्षं झाली म्हणून आकडा ६३ वर नेला आणि तिथेच थांबवला. एका वेळी हयात असलेल्या ६३ जणांकडेच ते पदक असू शकतं. जागा रिकामी झाल्याशिवाय नवं नाव घालायचं नाही. राणीशी आपल्याला काही देणंघेणं नाही, पण हा कंजूषपणा मला आवडतो. आपल्याकडे उलटं आहे. यंदा कोटा आहे, म्हणून भरायचा.

आता मी माझ्या कसोटीच्या सर्वांत अवघड उदाहरणाकडे येतो. केळीवरचा सीएमव्ही, आपण ज्याला हरण्या म्हणतो तो रोग. रावेर-यावलच्या लोकांना वेगळं सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ हवा राहिली, झिमझिम लागली की नव्या मृगबागेतल्या कोवळ्या रोपांच्या पानांवर पिवळे पट्टे येतात, पान आकसतं, पोंगा सडतो. विषाणू पसरवतो मावा. तो काकडीवर्गातल्या वेलींवरून, मिरची-टोमॅटोवरून, बांधावरच्या तणांवरून येतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. रोगट झाडाला औषध नाही. उपाय एकच, झाड दिसताक्षणी मुळासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन पुरायचं किंवा जाळायचं, आणि मावा आवरायचा. आता हिशेब बघा. एकरात सतराशेच्या आसपास झाडं. त्यातली दोनशे उपटायची वेळ आली तर रोपाचे पैसे गेले, खत गेलं, लावणीची मजुरी गेली. आणि नीट पाहिलं तर यात उपटणाऱ्याचा फायदा कमी, शेजाऱ्याचा जास्त. म्हणून बहुतेक जण थांबतात. पंधरा दिवस बघू, सावरतंय का. त्या पंधरा दिवसांत मावा चार बांध ओलांडतो.

जो शेतकरी पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने दोनशे झाडं उपटतो, त्याच्या बागेत खाडे दिसतात. एकरी उत्पादन घटतं. त्याचा प्रस्ताव तालुक्यावरच बाद होतो. पण त्या शिवारात त्या वर्षी इतरांच्या बागा ज्या प्रमाणात वाचल्या, त्यात त्याचा वाटा असतो, आणि तो कुठल्याच तक्त्यात मावत नाही. मला विचाराल तर खान्देशातल्या फलोत्पादनाचा पहिला पुरस्कार त्या खाडे पडलेल्या बागेला जायला हवा. हसू नका, मी मनापासून बोलतो आहे.

ही दुसऱ्याच्या शेताची जाण आपल्याला नवी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत शतकानुशतकं चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एकच पीक, कधी ऊस, कधी रब्बी, आणि पाळीपाळीने फड पडीक ठेवायचा. पाणी प्रत्येकाने ओढायचं नाही, त्यासाठी पाटकरी नेमलेला. राखण करायला जागल्या. त्यांचं देणं सगळ्यांनी मिळून द्यायचं, पाट साफ करायलाही सगळ्यांनी उतरायचं. पाटकऱ्याचं स्वतःचं रान असो वा नसो, त्याची हुशारी दिसायची ती इतरांच्या वाफ्यात. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा सुरुवातीच्या कामांतलं एक होतं ते इथेच, दातर्तीला पाट पलीकडे नेणाऱ्या नळाचं. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ठरावीक पट्ट्यांत पाणी वाटणारी जी ब्लॉक पद्धत बसवली ती अनेक जाणकारांना फडाची धाकटी बहीण वाटते. अभियंत्याला भारतरत्न मिळालं, तेही योग्यच. पाटकऱ्याचं नाव एकाही दगडावर नाही. आता वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि फड विस्कटले.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने मात्र हीच जाण आपल्या काळात चालवून दाखवली. उघडा पडलेला डोंगर गावाने राखला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला दंड, आणि गावानेच नेमलेले राखणदार. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल परत उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं. एके काळी पाण्यासाठी वणवण करणारं गाव शेजारच्या गावांना पाणी देऊ लागलं. त्या कामाचे अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. कुणी म्हणेल, हे जंगल झालं, फलोत्पादन कुठे आहे? मी म्हणेन, डोंगरावर झाड नसेल तर खाली तुमच्या डाळिंबाला नळी लावून उपयोग काय?

बारीपाड्यातली आणखी एक गोष्ट मला पद्मश्रीहून अधिक रंजक वाटते. २००४ पासून तिथे वनभाजी महोत्सव भरतो. बायका टाकळा, कुरडू, बांबूचे कोंब अशा रानातल्या भाज्या रांधून मांडतात, आणि त्यांची स्पर्धा होते. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तीही इथे भाग घेऊ शकते. तिला सातबारा मागत नाहीत. तिला काय ठाऊक आहे ते विचारतात. कुठली भाजी कधी निघते, कुठली उकळून पाणी टाकायची, कुठल्या कंदाने घसा धरतो. सरकारी तक्ता असा एकदा तरी करून पाहावा.

माझ्या एका मित्राने या भाषणाचा विषय ऐकून विचारलं होतं, "उत्पादन क्विंटलमध्ये मोजता येतं. दुसऱ्याच्या शेतातलं काम कशात मोजणार?" मी म्हटलं, गावात विचारून. केळीचे मुनवे चांगल्या झाडाचे कोण देतो, औषधाची मात्रा न लपवता कोण सांगतो, करपा आला तर रात्री फोन कुणाला जातो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, तेव्हा माळरानावर टेप घेऊन एकेक खड्डा मोजणारे, तीन फूट खोल आहे की दीड फुटावर माती लोटली आहे हे वाकून बघणारे कृषी सहायक कोण होते, तेही जुन्या माणसांना नावानिशी आठवतं. अवघड आहे ते गावाला जाऊन विचारणं. प्रस्ताव मागवणं सोपं.

म्हणून शेवटी एक ठोस सूचना करतो. खान्देशच्या जिल्ह्यांत फळबागांसाठी जे खासगी किंवा संस्थांचे पुरस्कार दिले जातात, निदान त्यांनी तरी स्वतःहून केलेले अर्ज घेणं बंद करावं. नाव सुचवायचं ते दुसऱ्या गावच्या दोन शेतकऱ्यांनी, आणि त्या माणसामुळे आपल्या बागेत काय बदललं हे त्यांनी लिहून द्यावं. परीक्षकांनी आधी शेजारच्या विहिरीत डोकावावं, मग बागेत जावं. मानपत्रावर मालकाबरोबर सालदाराचं आणि घरच्या बाईचं नाव असावं, आणि रकमेत त्यांचा वाटा आधीच ठरलेला असावा. निवडीनंतर पाच वर्षांनी त्याच शिवारात पुन्हा जाऊन काय उरलं ते बघावं, आणि ते छापावं. ज्या वर्षी असं नाव मिळणार नाही, त्या वर्षी पुरस्कार देऊ नये, मंडप वाचेल. या सूचनेचा कच्चा मसुदा मी लिहून आणला आहे आणि अध्यक्षांच्या हाती देतो आहे. रकमेच्या वाट्याबद्दल तुमच्यातल्या अनेकांचं माझ्याशी पटणार नाही, हे मला समोरच्या चेहऱ्यांवरून दिसतंय. चहाच्या वेळी भांडू.